गर्भपिशवी काढायची आहे : पोट उघडून की दुर्बिणीतून?

रानजाई
नमस्कार मंडळी. पिशवीच्या ऑपरेशनवर इथे सलग असं काही सापडलं नाही म्हणून नवीन धागा काढतेय. वय ४६, घोडबंदर रोडला राहते, दोन मुलं, दोन्ही सिझेरियन. फायब्रॉइड म्हणजे पिशवीत साध्या गाठी आहेत, सगळ्यात मोठा ९ सेमी, पिशवी १४ आठवड्यांच्या गरोदरपणाएवढी झालीय म्हणतात. पाळी आली की घराबाहेर पडायची सोय नाही, रक्ताच्या गाठीच्या गाठी जातात, हिमोग्लोबिन ८ वर आलंय. गोळ्या झाल्या, मिरेना (पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू) बसवली ती रक्ताबरोबर बाहेर आली. त्यामुळे काढायची हे माझं ठरलंय. प्रश्न पुढचा आहे. नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या बाई म्हणतात पोट उघडूनच करू, दोन सिझर झालीयत, सगळं डोळ्यासमोर दिसलेलं बरं. वाशीच्या डॉक्टरांनी तेच रिपोर्ट बघून सांगितलं दुर्बिणीतून आरामात होईल, एक-दोन दिवसात घरी. दोघंही अनुभवी, दोघांवरही विश्वास आहे, मग उत्तरं अशी दोन टोकाची कशी? ज्यांचं झालंय किंवा घरात कुणाचं झालंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. टाके, दुखणं, घरकाम, ऑफिस, सगळंच लिहा.

सानपाडा_लोकल
माझं दुर्बिणीतून झालंय, वाशीलाच. पोटावर चार बारीक छेद, बेंबीपाशी एक आणि बाकीचे बाजूला. पोटाचं दुखणं खरंच फार नव्हतं पण खांदा!! मला कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री उजवा खांदा असा भरून आला की मला वाटलं हार्टचं काहीतरी झालं, नवऱ्याने धावत जाऊन सिस्टरला उठवलं. तर म्हणे गॅसमुळे होतं, पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात ना, तो थोडा उरतो आणि वर छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला लागतो त्याची कळ खांद्यात येते. चालायला लावलं आणि दोन-तीन दिवसात गेलं. हे आधी माहीत असतं तर एवढी घाबरले नसते म्हणून मुद्दाम लिहिलं. बाकी मी तर दुर्बिणीलाच मत देईन.

ऐरोलीकर
बायकोचं उघडून झालंय, आडवा छेद, सिझरचा होता त्याच रेषेवर. पहिले काही दिवस हाल होतात, खोटं कशाला बोला. उठताना सरळ उठायचं नाही, आधी कुशीवर वळायचं, मग हाताच्या आधाराने पाय खाली सोडून बसायचं. आणि एक छोटी उशी कायम जवळ ठेवा, खोकला शिंक हसू काहीही आलं की उशी टाक्यांवर घट्ट दाबून धरायची. आमच्याकडे भेटायला येणाऱ्यांना मी दारातच सांगायचो की विनोद करू नका, तरी तिचा भाऊ यायचा आणि ती उशी धरून हसून रडायची :) दीड महिन्यात ती पूर्ववत झाली. आज टाका दिसतही नाही.

तलावपाळी
बायॉप्सी आणि पॅप स्मिअर (गर्भाशयाच्या मुखाची तपासणी) झालंय का? चाळिशीपुढे इतकं रक्त जात असेल तर आतल्या अस्तराची तपासणी ऑपरेशनच्या आधी हवीच. कोणत्या मार्गाने ते नंतर.

रानजाई
@तलावपाळी हो दोन्ही झालंय, दोन्ही नॉर्मल. @सानपाडा_लोकल खांद्याचं बरं सांगितलंत. @ऐरोलीकर उशी लिहून घेतली.

गोखले_रोड
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दुर्बीण म्हणजे बिल वाढवायचा धंदा झालाय. आमच्या आईच्या वेळी सगळ्यांची पोट उघडूनच ऑपरेशनं व्हायची, बायका ठणठणीत राहिल्या. आता साध्या गोष्टीला मशीन, मशीनचा हप्ता पेशंटच्या डोक्यावर. नौपाड्याच्या बाई बरोबर सांगतायत.

सानपाडा_लोकल
@गोखले_रोड आईच्या वेळच्या बायका ठणठणीत राहिल्या की बोलल्याच नाहीत हे कोण सांगणार? माझ्या आईचा उभा छेद होता, त्यात पू झाला होता, रोज ड्रेसिंगला घेऊन जायचो. ती अजून ते नाव काढलं तरी गप्प होते. छेद लहान असला की जखम चिघळायची शक्यता कमी, हा काही बिलाचा मुद्दा नाही.

जुनी_ओटी_सिस्टर
ठाण्यात नोकरीभर ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्येच उभी होते, तिन्ही प्रकारची ऑपरेशनं टेबलाच्या बाजूने पाहिलीयत म्हणून लिहिते. तिन्ही म्हणायचं कारण, तिसऱ्याचं नाव अजून कुणी काढलेलंच नाही. पिशवी खालूनही काढता येते, योनीमार्गे, पोटावर एकही टाका नाही. जगभरातले अभ्यास बघितले तर जिथे जमतं तिथे खालूनच करावं हाच निष्कर्ष येतो, आणि अमेरिकेच्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटनाही तेच सांगते. खर्च कमी, भूल कमरेतून चालते, बाई लवकर उठते. आपल्याकडे त्याची जाहिरात होत नाही कारण त्यात दाखवण्यासारखं मशीन नाही. तुमची दोन सिझर आणि १४ आठवड्यांची पिशवी बघता ते जमेल असं मला वाटत नाही, पण डॉक्टरांना विचारा तर खरं की का नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, दोघांची उत्तरं वेगळी का. सिझरच्या वेळी पिशवीच्या खालच्या भागावर छेद घेतात आणि मूत्राशय बरोबर त्याच्या पुढ्यात असतं. दोन वेळा छेद घेतलेल्या जागी मूत्राशय चिकटून बसलेलं असू शकतं. ते हलक्या हाताने सोडवून खाली सरकवणं हा तुमच्या ऑपरेशनचा खरा अवघड भाग, मग पोट उघडा नाहीतर दुर्बीण घाला. उघडलं की हाताला लागतं. दुर्बिणीत हाताला लागत नाही पण पडद्यावर मोठं दिसतं. ज्याचा हात ज्यात बसलेला तो ते सांगणार, यात कुणी फसवतंय असं मुळीच नाही. आणि ९ सेमी आकड्याला घाबरू नका, तो फायब्रॉइड आहे कुठे ते विचारा. वरच्या बाजूला मोठा असला तरी सोपा जातो. खाली मानेजवळ किंवा बाजूला, जिथून लघवीची नळी जाते तिथे असेल तर लहान असूनही घाम फोडतो.

@गोखले_रोड तुमच्या बाजूचंही एक सांगते. दुर्बिणीत मूत्राशयाला किंवा लघवीच्या नळीला इजा व्हायचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा थोडं जास्त दिसलंय, वेळही जास्त लागतो आणि भूल पूर्ण द्यावी लागते, डोकं खाली पाय वर अशा टेबलावर. हे बहुतेक वेळा पेशंटला सांगितलंच जात नाही. पण दुखणं कमी, जखमेचे त्रास कमी, माणूस कामाला लवकर लागतो हेही तितकंच खरं.

केतकीपान
सिस्टर _/\_ असा प्रतिसाद डॉक्टरांच्या केबिनमध्ये पाच मिनिटांत मिळत नाही.

घोडबंदरचा_खड्डा
माझा सल्ला वैद्यकीय नाही, रस्त्याचा आहे. ऑपरेशन वाशीला झालं तर घरी येताना रिक्षा अजिबात नको, मेट्रोच्या कामाच्या बाजूने आलात तर टाके मोजत याल. मोठी गाडी, मागची सीट, दुपारची वेळ.

ऐरोलीकर
@घोडबंदरचा_खड्डा आयडी सार्थ आहे :) पण सल्ला शंभर टक्के बरोबर. सीटबेल्ट आणि पोटाच्या मध्येही तीच उशी.

तलावपाळी
दुर्बिणीतून करणार असाल तर एक प्रश्न नक्की विचारा, एवढी मोठी पिशवी बाहेर कशी काढणार? छेद ५ नि १० मिलिमीटरचे, पिशवी नारळाएवढी. बहुतेक वेळा खालच्या वाटेने काढतात, पण मोठी असली तर तुकडे करावे लागतात. २०१४ साली अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधं नि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) मॉर्सेलेटर म्हणजे तुकडे करायच्या मशीनबद्दल इशारा दिला होता. फायब्रॉइड समजून ऑपरेशन करतात त्यातल्या साधारण ३५० पैकी एका बाईत तो छुपा कॅन्सर असू शकतो असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता, आणि तसा निघाला तर तुकडे करताना तो पोटभर पसरू शकतो.

रानजाई
@तलावपाळी अरे देवा, हे तर कुणीच बोललं नव्हतं. आता झोप उडाली.

जुनी_ओटी_सिस्टर
झोप उडवू नका. तुमची बायॉप्सी नॉर्मल आहे हे चांगलंच आहे, पण अस्तराच्या बायॉप्सीत फायब्रॉइडच्या आतला कॅन्सर दरवेळी सापडतो असं नाही, म्हणून प्रश्न विचारायचाच. तो इशारा आल्यापासून पिशवी आधी पोटातच एका प्लॅस्टिकच्या बॅगेत घालून त्या बॅगेच्या आत तुकडे करायची पद्धत आली. "बॅगेत करणार का" एवढं सरळ विचारा, डॉक्टरांना राग येत नाही, आला तर तेही एक उत्तरच.

खारघरचा_वारा
थोडं अवांतर. आत्याला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघालाय, अगदी सुरुवातीचा. डॉक्टर म्हणतात पोट उघडूनच करायचं. आम्हाला वाटलं होतं एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात दुर्बीण, रोबोट वगैरे असेल. जुन्या वळणाचे आहेत का हे?

तलावपाळी
@खारघरचा_वारा उलट ते अद्ययावत आहेत. २०१८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात मोठा अभ्यास आला, बऱ्याच देशांतला. गर्भाशयाच्या मुखाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीने किंवा रोबोटने केलेल्या बायकांत आजार उलटायचं आणि मृत्यूचं प्रमाण उघडून केलेल्यांपेक्षा जास्त निघालं. तोवर बरेच डॉक्टर दुर्बिणीकडे वळत होते, त्या एका अभ्यासाने गाडी मागे फिरली. हे फक्त मुखाच्या कॅन्सरबद्दल बरं का, पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरला दुर्बीण चालते. आत्याला तिथेच आणि तसंच करू द्या.

खारघरचा_वारा
खूप आभार. घरात यावरून वादावादी चालली होती, हे आत्ताच वडिलांना वाचून दाखवलं.

बीडवाली
सगळे प्रतिसाद वाचले. मी मूळची बीडची, आता कोपरखैरण्याला. रानजाईताई तुमचं ऑपरेशन गरजेचं आहे त्यात वादच नाही, पण धाग्यात "उघडून की दुर्बिणीतून" वाचताना मला सारखं वाटतंय की आमच्याकडे बायकांना हा पर्याय सोडा, "काढायची का" हा प्रश्नसुद्धा कुणी विचारला नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बायका, पंचविशी-तिशीतल्या, पाळीत सुट्टी घेतली की मुकादम दंड लावतो, पांढरं जातंय म्हणून डॉक्टरकडे गेली की सांगायचं कॅन्सर होईल, काढून टाक. उचल घेऊन पिशवी काढायची आणि ती उचल फेडायला परत फडात. २०१९ ला पेपरात आलं तेव्हा विधानसभेत गाजलं, सरकारने समितीही नेमली. माझी चुलत वहिनी त्यातलीच. आता चाळिशीच्या आत आहे आणि हाडं दुखतात म्हणून जिना चढवत नाही तिला. तिची अंडाशयंसुद्धा काढलीत हे तिला कित्येक वर्षांनी सोनोग्राफीत कळलं.

केतकीपान
@बीडवाली वाचून सुन्न झाले.

तलावपाळी
@बीडवाली हे लिहायलाच हवं होतं. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने विनाकारण पिशव्या काढण्यावर निकाल दिलाय, केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सगळ्या राज्यांनी लागू कराव्यात म्हणून. कागदावर आहे, फडापर्यंत पोचलं तर खरं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतसुद्धा १५ ते ४९ वयातल्या सुमारे ३ टक्के बायकांची पिशवी काढलेली दिसते आणि त्यातली बरीच ऑपरेशनं खाजगी दवाखान्यात झालेली आहेत.

रानजाई
@बीडवाली तुमच्या वहिनींबद्दल वाचून मी लगेच फाइल काढून बघितली. माझ्या एका एस्टिमेटवर "बोथ ओव्हरीज" (दोन्ही अंडाशयं) असं लिहिलंय आणि माझ्याशी त्याबद्दल कुणी एक शब्द बोललेलं नाही. हे काढायलाच लागतं का?

जुनी_ओटी_सिस्टर
नाही लागत! पाळी चालू आहे, अंडाशयं सोनोग्राफीत चांगली आहेत, घरात कुणाला अंडाशयाचा किंवा स्तनाचा कॅन्सर नाही, तर ती ठेवायची हा सर्वसाधारण नियम आहे. काढली की दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती, गरम वाफा, झोप जाणं, पुढे हाडं आणि हृदय. गर्भनळ्या मात्र काढून टाका, त्यांचा आता उपयोग नाही आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका त्याने कमी होतो. संमतीपत्रावर सही करताना हे स्वतः वाचा. घाईघाईत स्ट्रेचरवर सही करायची नाही.

मीठभाकर
मला एक गोष्ट बोलायचीय जी डॉक्टर सांगत नाहीत. माझं दुर्बिणीतून झालं. घरच्यांना पोटावर चार पट्ट्या दिसल्या, त्या पण आठवड्यात निघाल्या, आणि सगळ्यांनी ठरवून टाकलं की ही बरी झाली. दहाव्या-बाराव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या "तुझं काय ते आधुनिक झालंय, आमच्यासारखं थोडीच", पाहुणे आले, मी ओट्यासमोर उभी, पाण्याची पिंपं भरली. रात्री रक्त जायला लागलं. परत अॅडमिट. आतले टाके उसवता उसवता राहिले. माझ्या जावेचं उघडून झालं होतं, तिचा मोठा टाका बघून तिला दीड महिना कुणी ताट उचलू दिलं नव्हतं. म्हणजे जिचं पोट जास्त फाडलं तिला आराम मिळाला. मला आजही ते आठवलं की चीड येते.

जुनी_ओटी_सिस्टर
@मीठभाकर अगदी खरं, आणि हे मी घरोघरी जाऊन सांगायला तयार आहे. कुठल्याही मार्गाने करा, पिशवी आतून कापायची तेवढीच कापतात आणि योनीच्या वरच्या टोकाला आत टाके असतात ते सगळ्यांनाच असतात. बाहेरचं दार लहान असलं म्हणून आत घराची भिंत कमी पाडली असं होत नाही. तो आतला टाका उसवायचं प्रमाण तर दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर किंचित जास्तच आढळलंय. म्हणून सहा आठवडे भरलेली बादली, गॅस सिलिंडर, नातवंड, काही उचलायचं नाही. नवराबायकोचे संबंधही निदान तेवढा वेळ बंद, आणि सुरू करायच्या आधी डॉक्टरांना आतून तपासू द्यायचं. थोडा गुलाबी स्राव काही दिवस चालतो. पण ताजं लाल रक्त, ताप, घाण वास, पोटरी सुजणं, किंवा आपोआप पाणी गळत राहणं यातलं काहीही झालं तर फोनवर न विचारता थेट जायचं. पाणी गळतंय म्हणजे लघवीची गळती असू शकते.

ऐरोलीकर
@मीठभाकर वाईट वाटलं वाचून. पुरुष सभासदांनो, तो एक प्रतिसाद घरी मोठ्याने वाचा.

गोखले_रोड
मीठभाकर, तुमचा प्रतिसाद वाचला. सिस्टरांचेही वाचले. माझं बिलाचं म्हणणं कायम आहे, पण खालून करायची पद्धत आहे हे मला ठाऊक नव्हतं, त्याबद्दल इथे वेगळं सविस्तर यायला हवं. रानजाई, पैशाचं एक तेवढं बघा. स्वतःची पॉलिसी असेल तर या ऑपरेशनला बहुतेक कंपन्या पहिली दोन वर्षं पैसे देत नाहीत. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत सहसा ती अट नसते. आणि दुर्बिणीचं पॅकेज घेतलं आणि मधेच उघडावं लागलं तर बिल कसं होणार ते आधी कागदावर घ्या. खर्च झेपत नसेल कुणाला तर कळव्याचं महापालिकेचं हॉस्पिटल, नेरूळचं डी वाय पाटील, ही मेडिकल कॉलेजं आहेत, ओपीडीत एकदा दाखवायला काय हरकत आहे.

रानजाई
बरेच दिवसांनी येतेय. तुम्हा सगळ्यांचे प्रश्न एका कागदावर लिहून दोन्हीकडे गेले. नौपाड्याच्या बाईंनी सरळ सांगितलं की मी दुर्बीण करत नाही, मला उघडून सवय आहे. त्या प्रामाणिकपणाचं बरं वाटलं. वाशीच्या डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं दिली. बॅगेतच करणार, अंडाशयं ठेवणार, एस्टिमेटमधला तो मजकूर स्वतः खोडला. खालून का नाही तेही सांगितलं, पिशवी वर ओढली गेलीय आणि मोठी आहे. आधी शिरेतून लोहाची इंजेक्शनं दिली, हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्यावरच तारीख दिली. आणि एक बजावलं, मूत्राशय फार चिकटलेलं निघालं तर मी हट्ट करणार नाही, पोट उघडेन, त्याची संमती आत्ताच द्या.

आणि तसंच झालं. दुर्बिणीतून सुरुवात केली, मूत्राशय सिझरच्या जागी इतकं घट्ट निघालं की त्यांनी तिथेच थांबून जुन्या रेषेवर आडवा छेद घेतला. शुद्धीवर आल्यावर त्यांनीच येऊन सांगितलं. मला वाईट नाही वाटलं, आधी माहीत होतं ना. मूत्राशय व्यवस्थित आहे, फक्त खबरदारी म्हणून लघवीसाठी बाहेरून घातलेली नळी नेहमीपेक्षा जास्त दिवस ठेवली. तपासणीचा रिपोर्ट आला, फायब्रॉइड आणि अॅडेनोमायोसिस (पिशवीचं अस्तर तिच्या भिंतीत शिरणं), बाकी काही नाही. म्हणजे माझ्या वाट्याला दोन्ही आलं, खांदाही दुखला आणि उशीही लागली. घरी मुलगा कुकर लावायला शिकलाय, नवरा डबे करतोय, मी काही उचलत नाही. मीठभाकरताईंचा प्रतिसाद मी खरंच मोठ्याने वाचून दाखवला होता.

सानपाडा_लोकल
वा! काळजी घ्या. ज्या डॉक्टरला थांबायचं कधी ते कळतं त्याच्यावर डोळे मिटून विश्वास.

जुनी_ओटी_सिस्टर
फार छान झालं. मधेच पोट उघडलं म्हणजे काही बिघडलं असं समजणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात, त्या बिचाऱ्या पुढे कितीतरी दिवस डॉक्टरला आणि स्वतःला दोष देत बसतात. मूत्राशय वाचवायला उघडलंय तुमचं.

केतकीपान
इथेच विचारू का? आई ६८ वर्षांची, कळव्याला असते. अंग बाहेर येतं, खोकलं की जास्त. लाजेने सांगत नव्हती, आता बसताना त्रास होतो म्हणून बोलली. शुगर आहे. तिलाही दुर्बिणीतून करता येईल का?

जुनी_ओटी_सिस्टर
@केतकीपान अशा वेळी सहसा खालूनच करतात, कमरेतून भूल देऊन, आणि त्याच वेळी सैल झालेलं मूत्राशय वर घेऊन टाके घालतात. आधी शुगर आटोक्यात आणा. ऑपरेशन नकोच असेल किंवा हृदयाचं वगैरे काही असेल तर आत बसवायची रिंग मिळते, पेसरी म्हणतात, तीही विचारा. आणि शिंकताना लघवी सुटते का, पूर्ण होते का, हे आईंना तुम्हीच विचारून डॉक्टरांना सांगा. बायका आपणहून सांगत नाहीत आणि ऑपरेशन काय करायचं ते बरंचसं त्यावर ठरतं.

केतकीपान
संध्याकाळी आईकडेच जातेय, विचारते आणि लिहिते.